बेरीज न करणारे देवकुळे

देवकुळे टेबलावर एका वेळी एकच फाईल ठेवत. दुसरी काढण्याआधी पहिली कपाटात जायची आणि कपाटाला कुलूप लागायचं. पहिल्या भेटीत मला ही शिस्त वाटली. ती चलाखी होती.

कशेळीच्या बाजूला आमच्या गावाभोवती गोदामं उभी राहिली, त्यांतल्या बहुतेकांचे पर्यावरण अहवाल या गृहस्थांनी लिहिले. प्रत्येक गोदामासाठी खाडीकडची खोलगट भातजमीन भराव टाकून उंच केली जाई. तिथलं पावसाचं पाणी मग कुठे जाणार? प्रत्येक अहवालात उत्तर ठरलेलं: 'शेजारच्या मोकळ्या जागेत. परिणाम नगण्य.' त्या शेजारच्या जागेवर पुढे दुसरं गोदाम येई. त्याचा अहवालही देवकुळेच लिहीत आणि पाणी त्याच्या पलीकडे ढकलत. शेवटचा शेजारी म्हणजे आमचं गाव. त्यात सगळ्यात खालच्या अंगाला माझ्या वहिनींचं घर. थोरल्या भावाच्या माघारी त्या एकट्या राहत. पावसाळ्यात पाणी त्यांच्या चुलीपर्यंत येऊ लागलं.

मी देवकुळ्यांच्या ऑफिसात गेलो. सगळे अहवाल द्या, एकूण पाणी किती होतं ते मीच काढतो, म्हणालो. ते माझी कीव आल्यासारखे हसले.

"पाटीलशेठ, एका पार्टीची माहिती दुसऱ्याला दाखवता येत नाही. आणि बेरीज करा, असं मला कुणी सांगितलेलं नाही."

सगळी माहिती या एकाच माणसाच्या डोक्यात होती. तिथेही त्याने प्रत्येक गोदाम वेगळ्या खोलीत कोंडून ठेवलं होतं.

पुढचं गोदाम वहिनींच्या कुंपणाला लागून येणार होतं. सुनावणीत देवकुळ्यांनी तेच वाक्य वाचलं. वहिनी उठल्या.

"साहेब, बाजूला मोकली जागा न्हाय. तिथं माझा घर हाय."

"एका घराचा प्रश्न आहे, बाई. लेखी द्या."

घरागणिक सुटे अर्ज दिले तर हा माणूस प्रत्येकापुढे नगण्य लिहील, हे आम्ही ओळखलं. म्हणून साऱ्या गावाने सह्या करून एकच अर्ज दिला. अंतिम अहवालात छापून आलं: 'स्थानिकांची एक हरकत प्राप्त. नगण्य.' मी फोन करून जाब विचारला. आवाज जराही न चढवता ते म्हणाले, "अर्ज एक, म्हणून हरकत एक. मोजून बघा." जन्मात केलेली ही त्यांची एकमेव मोजणी असावी, आणि तीही खोटी.

परवानगी मिळाली, भराव पडला. त्या पावसाळ्यात वहिनी भावाचा फोटो आणि चार भांडी घेऊन दिघाशीला लेकीकडे गेल्या. परत आल्या नाहीत.

मध्यंतरी देवकुळे रस्त्यात भेटले. नव्या साइटवर निघाले होते. थोडी तरी लाज वाटेल, म्हणून मी त्यांना वहिनींचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ती जागा आता मोकळी," ते म्हणाले, आणि खिशातून पेन काढून तेवढं लिहून घेतलं.