ताईची हिरवी पिशवी

"मौसी, आई नहीं रही..." भाच्यानं फोनवर हिंदीतच सांगितलं. दीड महिना झाला. त्या क्षणी मला काय आठवावं, तर ताईची हिरवी पिशवी. मेलं माझं डोकं!

कुसुमताई, माझी थोरली बहीण, रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेली. रायपूरच्या चौबे कॉलोनीत राहायची, मी दोन गल्ल्या सोडून. भल्याभल्यांना गप्प करणारी बाई, पण डॉक्टरसमोर बसली की शाळेतली पोट्टी. रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्याकडे मोठे दवाखाने आले, तिची शुगर तिथले डॉक्टर बघायचे. गुडघ्यांसाठी अभनपूरच्या वैद्यांच्या पुड्या. दोघांवरही तिचा जीव, म्हणून एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. पुडीची वेळ चुकू नये म्हणून पिशवी सोबतच असायची; डॉक्टरांकडे गेलो की पुड्यांची ती हिरवी पिशवी पदराखाली धरून मी शेजारी बसायची.

"काहून लपवून राहिली वं ताई?"

"अवं, त्याइले वाईट वाटन ना. इतक्या मायेनं पाहतात. माही आन आहे तुले, बोलशीन तर!"

झालं. अडकले मी.

मग तिचे पाय सुजले, जेवण जाईना. डॉक्टर चांगले होते, हे मुद्दाम सांगते. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "अम्मा, और कुछ लेती हैं? देसी दवा, पुड़िया? मैं नाराज़ नहीं होऊँगा." ताई म्हणाली, "नहीं जी, बस आपकी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताईनं टेबलाखालून माझा हात घट्ट दाबला... आणि मी मान खाली घातली.

किडन्या गेल्यावर सगळं बाहेर आलं. "पहले बता देते तो..." म्हणून डॉक्टर थांबले. पुड्यांनी झालं की शुगरनंच, हे नक्की सांगता येणार नाही म्हणाले. नक्की असतं तर एकदाचं रडून मोकळी झाले असते. ताईचा रागही येतो. दुसऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून स्वतः गेली, आणि मला या विचारात कोंडून ठेवून गेली.

पिशवी आता माझ्या दारामागच्या खुंटीला आहे. त्यात माझ्या पुड्या असतात. गुडघे माझेही दुखतात, पुड्या सोडवत नाहीत. परवा ब्लडप्रेशरसाठी एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनीही विचारलं, "और कुछ लेती हैं, दीदी?"

"नहीं जी," मी म्हणाले. पिशवी पदराखाली होती. टेबलाखालून माझा हात मात्र कुणीच दाबत नव्हतं.