शेवटच्या दारावरची वेळ

ही गोष्ट सांगायची मी तीस वर्षं टाळली. आधी नोकरी होती म्हणून, मग मुलांची लग्नं व्हायची होती म्हणून, आणि नंतर वय झालं, आता कशाला, म्हणून. पाच आठवड्यांपूर्वी माझा मित्र मनोहर बोधनकर गेला. त्यानंतरही मी गप्पच बसलो असतो, इतका मी स्वतःला ओळखतो. पण त्याच्या शोकसभेत जे झालं ते मला पचत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आमच्या जुन्या कारखान्यातले सात-आठ जण आले होते. त्यातला एक उठून मनोहरच्या हसतमुखपणाबद्दल बोलला आणि शेवटी म्हणाला, "हमारे फफोला मास्टर. एक गलती हो गई बेचारे से, पर कभी किसी से शिकायत नहीं की." लोक मायेनं हसले. मी हसलो नाही, पण मान हलवली. पुढच्या रांगेत मनोहरची बायको, सुमनवहिनी, बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं. बोलणाऱ्याकडे नाही, माझ्याकडे. ती चूक मनोहरची नव्हती. ती माझी होती, आणि तिला चूक म्हणणं हाही माझा पळपुटेपणाच झाला, कारण मी ते समजून-उमजून केलं होतं.

जबलपुरात फॅक्टरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सरकारी फॅक्टरी येते. आमची ती नव्हे. आमचा कारखाना लहान, खासगी, आता कधीचा बंद पडलेला. तिथे ट्रकांच्या केबिनची दारं तयार व्हायची. मनोहर प्रायमर मारणारा, म्हणजे रंगाच्या खालचा पहिला हात त्याचा. आणि मी इन्स्पेक्टर. प्रायमर चोवीस तास वाळला की मी दारावर खडूनं खूण करायची, मगच दुसरी पाळी त्यावर रंग चढवणार. वाळायला ठेवल्याची वेळ कळावी म्हणून आमच्याकडे एक रीत होती. लॉटच्या शेवटच्या दाराच्या आतल्या बाजूला प्रायमर मारणाऱ्यानं शिसपेन्सिलीनं तारीख आणि वेळ लिहायची. रजिस्टर वगैरे नंतर. खरं काय ते त्या दारावर. मनोहरचं अक्षर गोल, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं. त्या दिवशी त्यानं 'सव्वाअकरा' लिहिलं आणि तो जेवायला गेला. दुपारी साहेबांनी मला बोलावलं. लॉट शनिवारच्या आत बाहेर पडायला हवा होता. "देख लो कुछ," एवढंच ते म्हणाले. त्यांनी मला काही करायला सांगितलं असं मी आजही म्हणणार नाही. मला हेड इन्स्पेक्टर व्हायचं होतं, तेवढं पुरे होतं. माझ्या खिशात नेहमी थिनरची चिंधी असायची, दारावरचे तेलकट हातांचे डाग पुसायला. तिनं मी ती वेळ पुसली, सगळ्या दारांवर खडूनं खुणा केल्या आणि चहा प्यायला गेलो. पंधरा-वीस दिवसांत दारं परत आली. खालचा प्रायमर ओला राहिल्यानं रंगाला फोड आले होते, भाजल्या कातडीला यावेत तसे.

चौकशी साहेबांच्याच खोलीत झाली. मनोहर म्हणाला, "वेळ लिहिली होती साहेब. मी लिहितोच." मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला दिसली नाही. कालचा लॉट समजून मी खूण केली." मनोहरनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गोंधळ होता. आपणच विसरलो की काय, असं त्याला क्षणभर वाटलं असावं. मला सगळ्यात जास्त चीड येते ती त्या क्षणाची, कारण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याच्या हातातली स्प्रेगन काढून घेतली गेली. निवृत्तीपर्यंत तो स्टोअरमध्ये बसून दुसऱ्यांना रंगाचे डबे देत राहिला, आणि पोरंसोरंसुद्धा त्याला फफोला मास्टर, म्हणजे फोडांचा मास्टर, म्हणू लागली. मी हेड इन्स्पेक्टर झालो. आमची दोस्ती टिकली. लोक त्याचंही कौतुक करायचे.

निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, म्हणजे आत्ता दोन वर्षांपूर्वी, मनोहरनं एक जुनी व्हॅन घरी आणली. गोल दिव्यांची, पुढून नाक फुगवल्यासारखी दिसणारी. पूर्वी ती एका दवाखान्याची होती, औषधं घेऊन बाजाराच्या दिवशी जबलपूरजवळच्या कुंडमकडच्या गावांत जायची. मग कुंडमलाच एका वाड्यामागे मोहाच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच. मनोहरनं ती ट्रकवर घालून विजय नगरच्या आपल्या घरासमोर उतरवली तेव्हा तिच्या सीटमधून रानवेल बाहेर आली होती. मी जबलपुरातच, गोरखपूर नावाच्या भागात राहतो. त्यानं फोन केला, "दत्तू, ये. तुले एक नवरी दाखवतो." मी गेलो. गंजानं खालचा पत्रा पापडासारखा झाला होता. मी म्हणालो, "वेडा झाला का तू?" तो म्हणाला, "काहून? एक गाडी अशी रंगवतो का दहा वर्षं तिले फोड येणार नाही. पहिल्या हातापासून शेवटपर्यंत, सगळी मीच. अन् इन्स्पेक्टर तू."

हे तो हसत म्हणाला होता. मी त्याच वेळी सांगायला हवं होतं.

दोन वर्षं आम्ही त्या व्हॅनला लागलो होतो. लागलो होतो म्हणजे तो काम करायचा आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा प्यायचो. रेगमाल, म्हणजे काचकागद, घासून घासून त्यानं थर उतरवले. वर पांढरा, त्याखाली हिरवा, आणि अगदी तळाशी एक फिकट निळा, शाळेच्या शर्टासारखा. "हाच तिचा खरा," तो म्हणाला आणि त्या निळ्याचा नखाएवढा तुकडा काडेपेटीत ठेवून दिला, रंग जुळवायला. गंजलेला पत्रा कापून नवा जोडून घेतला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुटी, भरली, पुन्हा घासली. सगळीकडे धूळ. शेजारचा एक बँकेतला माणूस रोज गाडी पुसता पुसता कुरकुरायचा. एकदा म्हणाला, "अंकल जी, ये कबाड़ कब हटेगा?" मनोहर म्हणाला, "बेटा, कबाड़ तो मैं हूँ. ये तो गाड़ी है." त्या माणसानं नंतर आपल्या गाडीवरचा ओरखडा मनोहरकडूनच बुजवून घेतला.

प्रत्येक भागावर प्रायमर मारला की मनोहर कानावरची पेन्सिल काढून आतल्या बाजूला वेळ लिहायचा. तेच गोल अक्षर. दुसऱ्या दिवशी मी आलो की म्हणायचा, "इन्स्पेक्टर साहेब, वाचा." मी वाचायचो. मनातल्या मनात वाचून "ठीक आहे" म्हटलेलं त्याला चालत नसे. "मोठ्यानं वाच ना बे. मले ऐकू येऊ दे." मग मी मोठ्यानं म्हणायचो, सकाळी दहा वीस. मग तो गन उचलायचा. बॉनेट, दोन्ही मडगार्ड, पुढची दारं, छत... प्रत्येक वेळी मी वाचलं. घरून स्कूटरवर येताना मी एक वाक्य तयार करून आणायचो. लहानच होतं. विजय नगरच्या चौकापर्यंत ते तोंडात असायचं. फाटक उघडलं की जायचं.

एकदा मी चष्मा घरी विसरलो. तो म्हणाला, "वाचा." मी सवयीनं वाकलो आणि म्हणालो, "मला दिसत नाही." बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. मनोहरनं गन खाली ठेवली. गनला हवा देणारा कॉम्प्रेसर बंद केला. तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "जा, चष्मा घेऊन ये. मी थांबतो."

"अरे, तू वाच ना. तूच तर लिहिलंय."

"मी वाचून काय फायदा? तू घेऊन ये. घाई कायची आहे... थांबून राहिलो ना मी."

मी गोरखपूरला जाऊन परत आलो. तो तसाच स्टुलावर बसला होता. हात नुसते मांडीवर. मी चष्मा लावला, वेळ वाचली, त्यानं मान हलवली आणि कॉम्प्रेसर सुरू केला. मला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. तरी मी माझी समजूत घालून घेतली की, छे, म्हातारपणाचे चोचले आहेत. ठरवलं मात्र, की सगळी व्हॅन रंगवून झाली, शेवटच्या दारावर रंग चढला, की सांगायचं. कामाच्या मध्ये नको. बघा, तिथेही मी तारीख पुढेच ढकलली.

मागचं दार शेवटचं होतं. ते काढून त्यानं व्हरांड्यात दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. एका सकाळी त्यावर प्रायमर मारला आणि मला फोन केला, "उद्या ये. शेवटचं इन्स्पेक्शन. मग तुझी वहिनी तुले बासुंदी देईन म्हणते." त्याच दुपारी त्याची मुलगी मंजिरी हिचा फोन आला. ती इथेच कॉलेजात शिकवते. "काका, बाबा गिर गए... मतलब, बाबा गेले." मी फोन कानाला तसाच धरून उभा होतो. खरं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता सांगावं लागणार नाही. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला.

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावतो. त्यानं एकदा माझी कॉलर धरली असती, त्या साहेबाच्या खोलीत टेबल उलथवलं असतं, स्टोअरमधून येऊन माझ्या तोंडावर रंगाचा डबा मारला असता, तर मी सुटलो असतो. त्यानं मला चहा पाजला. पण हा राग त्याच्यावर काढणं मला किती सोयीचं आहे, तेही मला कळतं. गप्प राहणं त्याचा स्वभाव होता. माझं गप्प राहणं म्हणजे माझी नोकरी होती.

शोकसभेनंतर चार दिवसांनी मी विजय नगरला गेलो. अंगणात व्हॅन उभी होती, निळी, मागून उघडी. एक दार नाही, एवढंच. व्हरांड्यात ते दार चादरीखाली. मंजिरीनं चादर काढली. "काका, उद्या पेंटर येणार आहे. तो बोलला, पहले घासावं लागेल. ये बाबांनी पेन्सिलनं काहीतरी लिहिलंय, हे पुसून टाकू का?" तिच्या हातात ओलं फडकं होतं. मी म्हणालो, "नको." इतक्या जोरात म्हणालो की ती दचकली आणि आत निघून गेली.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्या परत आलेल्या दारांत ते शेवटचं दार त्यांनी पाहिलं होतं. आतून वेळेची जागा पुसलेली होती, थिनरनं. चिंधी कोणाच्या खिशात राहते, ते त्यांना माहीत नव्हतं का?"

मी विचारलं, "मग बोलला काहून नाही तो?"

"म्हणायचे, दत्तू सांगेल. तू मध्ये पडू नको." मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला नाही पटलं कधी. माझा राग आहे तुमच्यावर. इतकी वर्षं चहा देत राहिले म्हणून राग नाही, असं समजू नका. काल तिकडे त्या माणसानं मास्टर म्हटलं अन् तुम्ही मान हलवली." काल नव्हे, चार दिवस झाले होते. मी दुरुस्त केलं नाही. "मी हे सगळं लिहितो," एवढंच म्हणालो. "लिहा ना," वहिनी म्हणाल्या. "ज्याले सांगायचं होतं तो वाट पाहून पाहून गेला. आता लिहा." आणि त्या आत गेल्या. चहा आला नाही. तेवढं बरं वाटलं.

मंडळातल्या आणि कारखान्यातल्या ज्यांनी ज्यांनी मनोहरला त्या नावानं हाक मारली, त्यांनी हे वाचावं. मनोहर बोधनकरनं वेळ लिहिली होती. तो नेहमी लिहायचा. ती मी पुसली.

पेंटरला मी येऊ दिलं नाही. ते दार मी मंजिरीकडून मागून घेतलं नाही, माझा तेवढा हक्क नाही, पण ते तसंच ठेव असं तिला सांगितलं आणि तिनं ऐकलं. रविवारी मी जातो. वहिनी आतच असतात. मी चादर बाजूला करतो, चष्मा पुसून लावतो आणि वाकतो. गोल अक्षर आहे. पेन्सिल दाबून लिहिलेलं, ओल्या प्रायमरमध्ये थोडं रुतलेलं. मी मोठ्यानं वाचतो. सकाळी नऊ चाळीस. मग कॉम्प्रेसर सुरू व्हायची वेळ असते, तो होत नाही, आणि जे वाक्य दोन वर्षं चौकापर्यंत आणून मी गिळत होतो, ते त्या पत्र्याला म्हणायचा प्रयत्न करतो. अजून पुरतं निघत नाही. इथे लिहितो.

मनोहर, मला दिसली होती.