सायखेड्याला माहिती काढायला गेले

आता तुम्ही हसाल. हसा! मला मात्र ते आठवलं की हातातला चहा कडू लागतो.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी नाशिकला कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते, सोबत पीएच.डी. चालली होती. विषय काय, तर रोजच्या जगण्यातले ताण आणि माणसं ते कसे निभावतात. माझे गाईड म्हणाले, "गावात संशोधन हा शब्द काढू नका, लोक बिचकतात. नुसत्या गप्पा मारा." मी गुणी विद्यार्थिनी! शब्दच काढला नाही.

सायखेड्यात एका झेंडूवाल्या शेतकऱ्याच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "नाशिकहून आलेय. घरातल्या माणसांची जरा माहिती हवी होती."

घरच्या शांताबाई लगबगीने उठल्या. डोक्यावर पदर काय, सतरंजी काय, पोहे काय! केवढं हे अगत्य!

"घरात भांडणं होतात?"

"नाय बाई! आवाज म्हणून नाय."

"सुनेचं नि तुमचं पटतं?"

"थोरलीला लेकीवानी ठेवलीय. इचारा तिला!"

"धाकट्या मुलाला राग येतो? व्यसन काही?"

"तंबाखूला शिवत नाय माझा भाऊसाहेब!"

तुमच्या आलं ना लक्षात? माझ्या नाही आलं! निघताना त्यांनी विचारलं, "मग पोराला कधी घेऊन येऊ?" मला वाटलं, मुलाखतीसाठी. "रविवारी या की! मला तर ते हवेच आहेत!" वर पत्ताही दिला.

रविवारी दारात जीप. इस्त्रीच्या सफारीत भाऊसाहेब, शांताबाई, मामा आणि पेढे. पाणी पिऊन मामा माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बोलवा आता मुलीला."

नवरा म्हणाला, "बोलावतो, पण ती बालवाडीत जाते हो!"

मग मी खरं काय ते सांगितलं. मामांनी पेढ्यांचा पुडा हळूच मागे ओढला. शेवटी भाऊसाहेब खाली बघत म्हणाला, "आई, चांदवडच्यांना परत इचारायचं का?"

तेव्हा उलगडा झाला. चांदवडची मुलगी त्याला मनापासून आवडली होती. पण माझ्याकडून शहरातलं स्थळ आलंय म्हणून शांताबाईंनी तिकडे नकार कळवून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चांदवडला गेले. मुलीच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, उशीर झाला. परवाच सुपारी फुटली तिची."

परतीच्या एसटीत मी भर दुपारी रडले. ताणाबद्दल वर्गात तासन्‌तास बोलणारी मी, भाऊसाहेबाला काय सांगावं ते मला सुचेना. पुढे पीएच.डी. झाली, पण त्या घराची मुलाखत प्रबंधात घालायचा धीर झाला नाही.

आणि माणसं बघा! भाऊसाहेबाचं लग्न निफाडला ठरलं, तर मला आग्रहाचं बोलावणं. गेले. मांडवाच्या कोपऱ्यात नवरी भेदरून बसली होती. मला राहवेना. जवळ जाऊन हळूच विचारलं, "काय गं, टेन्शन आलंय का?"

मांडवाच्या त्या टोकाहून शांताबाई शालू सावरत धावत आल्या, "म्याडम! म्याडम! तिला काय बी इचारू नका! अजून अक्षता पडायच्यात!"