एक तृतीयांशावर अडलेली आर्डिस

आर्डिस टॉलेफसन आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गाची मदतनीस होती. एकोणीस वर्षं. बुटांच्या नाड्या, वाहती नाकं आणि हरवलेले हातमोजे हे तिचं खातं. फळ्यासमोर उभं राहणं दुसऱ्या कुणाचं, कारण मदतनिसाला पदवी लागत नाही आणि शिक्षिकेला लागते. या एकोणीस वर्षांत पहिलीला सात शिक्षिका आल्या आणि मोंटानातला एखाददुसरा कडाक्याचा हिवाळा काढून निघून गेल्या. वर्ग कसा चालवायचा हे त्या सातही जणींना आर्डिसनेच शिकवलं.

तिला पदवी नव्हती, असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. तिची पदवी चार गावांत विखुरलेली होती. नवरा वेंडेल धान्याची कोठारं दुरुस्त करायचा, त्यामुळे काम तिथे बिऱ्हाड. वॉशिंग्टन, ऑरेगॉन, आयडाहो आणि शेवटी पुन्हा इथे. प्रत्येक गावी जवळचं कॉलेज गाठून ती वेळेत बसेल तो विषय घ्यायची. त्यामुळे तिच्या गुणपत्रकांवर इतिहास आणि बालमानसशास्त्राच्या शेजारी डुकरांचा आहार होता, मातीची भांडी होती आणि नॉर्वेजियन भाषेचा पहिला भाग दोनदा होता.

"दुसरा भाग कुठेच शिकवत नव्हते, बाई," ती मला म्हणायची. "मी नॉर्वेला गेले तर नमस्कार करून लगेच परत येणार."

त्या वसंतात सातवी शिक्षिका गेली आणि मुख्याध्यापक ऑर्विल यांनी आर्डिसला बोलावलं. "दहा ऑगस्टला शाळा मंडळाची बैठक आहे. तोवर पदवी आण, वर्ग तुझा. शिकवण्याच्या परवान्याचं मी बघतो. नाही आणलीस तर आठवी येईल, आणि तिलाही तूच शिकवशील."

आर्डिसने बिस्किटांच्या डब्यात जपलेली सगळी गुणपत्रकं बाहेर काढली आणि चारही कॉलेजांकडून अधिकृत नकला विद्यापीठात पाठवायला लावल्या. एकशेवीस क्रेडिटं झाली की पदवी. तिच्या हिशेबाने तिची दीडशेच्या वर होती.

विद्यापीठातून प्रुइट नावाच्या गृहस्थांचा फोन आला, तेव्हा ती माझ्याच स्वयंपाकघरात, स्वतः भाजून आणलेली रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई खात बसली होती.

"टॉलेफसनबाई, वॉशिंग्टन आणि ऑरेगॉनच्या कॉलेजांत वर्षाचे तीन भाग करतात, आमच्याकडे दोन. म्हणून तिकडची तीन क्रेडिटं म्हणजे इकडची दोन. तुमची तिकडची शंभर झाली सहासष्ट आणि दोन तृतीयांश."

"उरलेली तेहतीस कुणी खाल्ली? आयडाहोच्या हद्दीवर नाका आहे का?"

"आयडाहोची आणि इकडची मिळून त्रेपन्न त्यात मिळवली, तर एकूण एकशेएकोणीस आणि दोन तृतीयांश."

"मग एकशेवीसच झाली की!"

"आम्ही वर ओढून पूर्णांक करत नाही, बाई."

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही चाळीस वर्षं गणित शिकवलंत ना? एक तृतीयांश क्रेडिट मिळतं कुठे?"

कुठेच मिळत नाही. सगळ्यांत लहान विषय एका क्रेडिटचा, आणि उन्हाळ्यात आसपास असा एकच होता: बोलिंग, म्हणजे जड चेंडू घरंगळवून दहा लाकडी पिना पाडायचा खेळ. जवळच्या कॉलेजकडे त्यासाठी स्वतःची जागा नसल्याने वर्ग भरायचा आमच्याच गावच्या बोलिंगच्या अड्ड्यावर, आणि शिकवायची ग्वेन स्कार. ही ग्वेन वीस वर्षं दर गुरुवारी आर्डिसच्याच संघातून खेळत होती.

"ग्वेन, मला एक तृतीयांशच हवंय गं. तेवढेच तास येते."

"ये की. तीनच पिना पाडू देईन मग."

खेळण्यात आर्डिसला अडचण नव्हतीच. अडचण आली लेखी परीक्षेत. गुण हाताने मांडायचे होते, आणि वीस वर्षं ते काम अड्ड्यावरचा, डोक्यावर टांगलेला संगणकाचा पडदा आपोआप करत आला होता. पहिल्या चाचणीत तिला दहापैकी चार मिळाले. पास व्हायला सात हवेत.

"तुझ्यापेक्षा तुझा चेंडू हुशार आहे," ग्वेन म्हणाली. "अंतिम परीक्षेत सोडेन असं समजू नकोस हं. नंतर म्हणशील, मैत्रिणीने पदवी दिली."

त्या संध्याकाळी आर्डिस वही घेऊन माझ्याकडे आली. पाई आणली नव्हती, यावरून मामला गंभीर आहे हे मी ओळखलं.

मी रकाने आखले. "पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या, की दहा मिळतात आणि त्यात पुढच्या दोन चेंडूंचे गुण मिळवायचे."

"पण ते चेंडू अजून टाकलेलेच नाहीत!"

"म्हणून तर रकाना रिकामा ठेवायचा. पुढचं टाकून झालं, की मागे येऊन भरायचा."

तिने त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "म्हणजे काम आपण केलेलं असतं, पण आकडा मांडायला थांबायचं."

"हो."

"बाई, हे मला येतं," ती म्हणाली. "कॉलेजात पहिला विषय घेतला तेव्हापासून, एकतीस वर्षं मी तेच करतेय."

त्यानंतर तिचा एकही रकाना चुकला नाही. नाही म्हणायला परीक्षेत घाईघाईत एका ठिकाणी सहा आणि तीन आठ केले, आणि ती चूक शेवटपर्यंत पुढे वाहत गेली. दहापैकी आठ. ग्वेनने लाल पेनाने लिहिलं, "पहिलीच्या बाईंना बेरीज यायला हवी."

जुलैच्या शेवटी प्रुइट यांचा पुन्हा फोन आला. "अभिनंदन, टॉलेफसनबाई. एकशेवीस आणि दोन तृतीयांश. पदवी मंजूर."

"आणि वरचं दोन तृतीयांश?"

"ते परत करता येत नाही."

"असू द्या. वेंडेलला देते. त्याचं एकही क्रेडिट झालेलं नाही."

ऑगस्टच्या बैठकीत मंडळाने तिचं नाव दोन मिनिटांत मंजूर केलं.

शाळा सुरू झाल्यावर मी एकदा डोकावले. ग्वेनने दिलेल्या टवके उडालेल्या दहा पिना वर्गाच्या कोपऱ्यात मांडल्या होत्या. एका मुलीने रबरी चेंडू सोडला, सात पडल्या.

"उभ्या किती?" आर्डिसने विचारलं.

बोटं मोजून झाल्यावर सगळा वर्ग ओरडला, "तीन!"

मुलीची नाडी सुटली होती. आर्डिस सवयीने खाली वाकली, गाठ मारली, आणि उठून फळ्यावर आकडा लिहायला गेली.