पायरीवरचं सूप

आत्या गेल्याचा निरोप आटगावला आला तेव्हा मी तीळ निवडत होते. दर संक्रांतीला मी सापगावला तिच्याकडे जायचे, त्याचीच तयारी… आता तिच्याविषयी चार चांगले शब्द लिहायला बसले, तर नेमकं लिहायला लाज वाटते तेच आठवतंय.

आई गेल्यावर आत्यानेच मला वाढवलं. हात सढळ, तोंड त्याहून सढळ. माझ्या मुलाचं बोरन्हाणही तिच्याच ओटीवर झालं. बोरं आणली होती कातकरवाडीतल्या ठमीने, रानात काट्यांनी हात ओरबाडून घेत. बदल्यात आत्याने तिच्या फडक्यात हात लागू न देता, वरून तांदूळ ओतले. मग मुलाला पाटावर बसवलं, सूप त्याच्या डोक्यावर रितं केलं आणि हाळी दिली, "लुटा रे, लुटा!" आळीतली पोरं तुटून पडली. अंगणात उभी असलेली ठमीची दोन पोरंही त्यांच्याबरोबर ओटीवर चढली.

"धाड आली मेली! दरोडेखोर कुठले!" आत्या ओरडली, आणि धाकटीची मूठ उघडून तिने बोरं काढून घेतली. आमच्या पोरांनी उचलली ती लूट, कौतुकाची. ठमीच्या पोरांनी तीच उचलली, तर दरोडा.

"पोरांनी 'लुटा' आयकला म्हनून आली गो," ठमी म्हणाली. "त्यांना काय ठाव, कोनाला सांगितलाय." पोरांना घेऊन ती निघून गेली.

त्या दिवशी आत्या जेवली नाही. पण वाडीवर जाऊन दोन शब्द बोललीही नाही. पुढे दर संक्रांतीला ती ठमीसाठी तेच सूप भरून पायरीवर ठेवायची. ठमी बोरं द्यायची, तांदूळ न्यायची, सुपाला हात लावायची नाही. "ताठा बघ मेलीचा," आत्या मला म्हणायची. सूप भरायचं मात्र तिने कधी सोडलं नाही.

यंदा घर आवरायला गेले, तर ठमी बोरं घेऊन आली. आत्या गेल्याचं तिला ठाऊक होतं, तरी आली. डोळे पुसले तिने. मी लाडू, हलवा, बोरं घालून सूप भरलं आणि आत्याच्याच सवयीने पायरीवर ठेवलं. "घे गं ठमी, आत्याची आठवण."

"खालचा उचलला का दरोडा होतो, बाय," ती शांतपणे म्हणाली. "हातात दे."

मी सूप उचलून तिच्या हातात दिलं. तिची खरखरीत बोटं माझ्या बोटांना लागली… या घरातून तिला हातात मिळालेलं ते पहिलंच. लाज वाटली, आत्याची आणि माझीही.

खाऊ पदरात घेऊन ठमीने रितं सूप मला परत दिलं. ते आता आटगावला, माझ्या स्वयंपाकघरात खुंटीला आहे. मुलगा विचारतो, "माझ्या बोरन्हाणाचं ना हे?" मी हो म्हणते. पुढचं त्याला अजून सांगितलेलं नाही.