पहिला शब्द धरला जाईल

आमच्या क्विझ लीगमध्ये नियम थोडेच आहेत, पण त्यांवरून माणसं सख्खे भाऊ वाटणीत भांडावेत तशी भांडतात. दर मंगळवारी संध्याकाळी पबच्या वरच्या खोलीत दोन टीम समोरासमोर बसतात. चार खुर्च्या इकडे, चार तिकडे, मध्ये प्रश्नवाला. प्रत्येक खुर्चीला तिचा स्वतःचा प्रश्न येतो. कुणाला न विचारता अर्ध्या मिनिटात बरोबर उत्तर दिलं तर दोन गुण. चुकलं तर तोच प्रश्न समोरच्या टीमकडे जातो, आणि त्यांना आला तर एक गुण त्यांचा. या सगळ्यावर शिरजोर नियम असा, की तोंडातून निघालेला पहिला शब्द धरला जाईल. ‘नाही नाही, थांबा, मला म्हणायचं होतं की...’ असं कितीही गळा काढून सांगा, प्रश्नवाला चष्म्यावरून बघतो आणि पुढच्या खुर्चीकडे वळतो. या नियमापायी मी स्वतः दोनदा टेबलावर मूठ आपटली आहे. उपयोग शून्य.

आमच्या टीमचं नाव ‘उशिरा सुचलं’. औषधाच्या दुकानाची मालकीण आमची कॅप्टन, ती पहिल्या खुर्चीवर. बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं बसवणारा मी दुसरीवर. चौथीवर एक मेकॅनिक, जो खेळांचे प्रश्न सोडले तर तोंडच उघडत नाही. आणि तिसरीवर माझे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा. ही गोष्ट त्यांची आहे.

भाऊजी काचवाले. खिडक्या, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा, सगळं तेच कापायचे आणि तेच बसवायचे. बोलणं अखंड. काचेला पुट्टी लावता लावता गिऱ्हाइकाला मंगोलियाची राजधानी सांगायचे, ते त्याने विचारलेलं नसताना. मंगळवारी तर त्यांचा रुबाब बघण्यासारखा. प्रश्न अर्धा झाला की यांचं उत्तर तयार, वर छताकडे बघत, जणू तिथे कुणी लिहून ठेवलंय. ताई म्हणायची, “घरात साखरेचा डबा कुठे असतो विचारा, नाही सांगता येणार. पण उंटाला पापण्यांच्या किती रांगा असतात ते पाठ आहे!”

मग एका सकाळी दुकानात एका खिडकीचं माप घेताना त्यांच्या हातातून टेप गळून पडली. मेंदूला झटका आला होता. जीव वाचला, उजवा हातही हळूहळू कामाला लागला, पण शब्द गेले. म्हणजे डोक्यातून गेले नव्हते, जिभेपर्यंत यायला तयार नव्हते. चमचा हवा असेल तर ते ढवळून दाखवायचे. माझं नाव त्यांना आठवायचं, म्हणून मला बघून हसायचे, पण हाक मारायला जायचे आणि भलतंच काही निघायचं. त्या अखंड बोलणाऱ्या माणसाला असं बघणं मला सोसत नव्हतं. मी त्यांच्याकडे जायचो आणि लवकर उठायचो.

स्पीच थेरपिस्ट म्हणून एक तरुण बाई यायची. तिने एक गोष्ट शोधून काढली. सुटा शब्द त्यांना येत नव्हता, पण ओळीने पाठ केलेलं सगळं शाबूत होतं. ‘गुरुवार’ म्हणा म्हटलं की घाम फुटायचा, पण सोमवारपासून सुरू केलं की गाडी बिनबोभाट गुरुवारी पोचायची. भाऊजींनी ही युक्ती अशी उचलली की विचारू नका. घरातल्या प्रत्येक गोष्टीची त्यांनी ओळ बनवली. चमचा हवा तर ‘ताट, वाटी, भांडं, चमचा’. मी आलो की ताईच्या माहेरची सगळी माणसं थोरल्यापासून म्हणत म्हणत शेवटी माझ्यावर यायचे, कारण मी शेंडेफळ.

आणि मग त्यांनी सामान्यज्ञानाच्या ओळी पाडायला घेतल्या. ग्रह सूर्यापासून. खंडं आकाराने. बेटं आकाराने. बुद्धिबळातल्या सोंगट्या पटाच्या कडेपासून. ताई वाचायची, ते म्हणायचे. हे कशासाठी चाललंय ते कुणी बोललं नाही तरी आम्हाला कळत होतं. त्यांना तिसरी खुर्ची परत हवी होती. त्या खुर्चीवर तोवर कॅप्टनचा दीर बसत होता, आणि खरं सांगायचं तर पोरगा बरा खेळत होता.

“एक मॅच खेळू दे त्यांना,” मी कॅप्टनला म्हटलं.

“एक कशाला, दोन खेळू देत,” ती म्हणाली. “पण त्यांचं हसं झालं तर मला बघवणार नाही.”

पहिली मॅच ‘स्टाफरूम’शी होती. शाळेतल्या शिक्षकांची टीम, पक्की मुरलेली. त्यांच्या पहिल्या खुर्चीवर भूगोलाच्या बाई, ज्यांनी आयुष्यात कधी सुटलेला गुण जमिनीवर पडू दिला नाही. खोली भरली होती. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

तिसऱ्या खुर्चीचा प्रश्न आला. “इंद्रधनुष्यातला बरोबर मधला रंग कोणता?”

तानापिहिनिपाजा. शाळेत शिकलेली ओळ, कुणाला येत नाही? भाऊजींचा चेहरा खुलला आणि त्यांनी ओळ सुरू केली. “तांबडा—”

“चूक,” प्रश्नवाला म्हणाला. त्याचा काही दोष नव्हता. भाऊजी पुढे म्हणतच होते, “नारिंगी, पिवळा, हिरवा,” आणि ‘हिरवा’वर येऊन थांबले, बोट वर करून, विजयी. मग त्यांना कळलं की प्रश्न समोर गेलाय.

भूगोलाच्या बाईंनी खिडकीकडे बघितलं. “पास,” त्या म्हणाल्या.

उत्तर खोलीत आत्ताच मोठ्याने बोललं गेलं होतं, आणि बाई म्हणतात पास! पुढच्या फेरीतही तेच. भाऊजी ओळीच्या पहिल्याच शब्दावर अडकले, प्रश्न समोर गेला, आणि स्टाफरूमच्या चारही खुर्च्यांना अचानक काही येईनासं झालं. लोकांनी हलक्या टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, किती चांगली माणसं आहेत ही. मग मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. मॅच संपल्यावर ते कुणाशी हात न मिळवता जिना उतरले.

त्याच आठवड्यात कॅप्टन ताईच्या घरी आली, पेढे वाटायला आल्यासारखी. तिने लीगच्या कमिटीशी बोलून घेतलं होतं. “सगळ्यांनी एकमुखाने मान्य केलं, भाऊ. तुमच्यासाठी शेवटचा शब्द धरायचा. तुम्ही आरामात ओळ म्हणा, जिथे थांबाल ते तुमचं उत्तर.”

मी म्हटलं, “वा! हे झकास झालं.”

“नाही,” भाऊजी म्हणाले.

“अहो, पण ऐकून तर घ्या,” ताई म्हणाली.

“नाही.” एवढा एक शब्द त्यांना कधीही अडला नाही, हेही सांगून ठेवतो. मग त्यांनी टेबलाच्या फळीवर अंगठ्याच्या नखाने एक सरळ रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बराच वेळ जुळवाजुळव केली. “रेघ... एकदा. एकदाच.”

कॅप्टनला कळेना. मला कळलं, कारण सुट्टीत मी त्यांच्या दुकानात हाताखाली काम केलेलं आहे. काच कापताना हिरकणीची, म्हणजे हिऱ्याचं टोक बसवलेल्या हत्याराची, रेघ एका दमात ओढायची असते. मनासारखी आली नाही म्हणून तिच्यावरून पुन्हा हिरकणी फिरवली तर काच वेडीवाकडी तुटते. रेघ चुकली तर ती काच गेली, दुसरी घ्यायची. दुसऱ्यांदा हात फिरवणाऱ्या कारागिराला भाऊजी दुकानात उभं करत नसत.

“मग कसं करणार आहात?” मी जरा चिडूनच विचारलं. “ओळ म्हटल्याशिवाय शब्द येत नाही, आणि ओळ म्हटली की पहिलाच शब्द धरतात. दोन्हीकडून कात्री! आणि तुम्हाला सवलत नको!”

त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि बोटाने कपाळ दाखवलं. ओळ आतल्या आत म्हणायची. तोंड उघडायचं ते थेट उत्तरावर.

सांगायला सोपं आहे. पण त्यांची ओळ जिभेवरच चालायची. आत सुरू केली की पहिला शब्द आपोआप बाहेर सांडायचा. थेरपिस्ट म्हणाली, कठीण आहे, वेळ लागेल. भाऊजींनी वेळबीळ काही ऐकून घेतलं नाही. त्यांनी ग्लास उचलला, तोंडात पाण्याची चूळ भरली आणि ताईला हाताने खुणावलं, विचार.

पुढचे कितीतरी आठवडे त्या घरात जे चाललं ते बघून शेजाऱ्यांना वाटलं असेल, यांचं डोकं फिरलंय. ताई विचारायची, “फक्त तिरकी चालणारी सोंगटी?” भाऊजी गाल फुगवून बसायचे. आत हत्ती चालला, घोडा चालला, आणि उंट आला की पाणी गिळून बोलायचं. सुरुवातीला ‘हत्ती’ पाण्यासकट बाहेर यायचा. ताईने टेबलावर मेणकापड घातलं, मग स्वतः एप्रन घातला. एकदा शनी ग्रह थेट माझ्या शर्टावर आला. कधी ठसका लागायचा, कधी चिडून ग्लास आपटायचे, आणि एक दिवस रडलेसुद्धा. ताई शांतपणे म्हणाली, “झालं? भरा चूळ.” मला तोवर वाटायचं, या घरात हट्टी एकच माणूस आहे.

स्टाफरूमशी परतीची मॅच हंगामातली शेवटची. कॅप्टनने दिराला प्रेक्षकांत बसवलं. ताई नेहमीप्रमाणे खाली थांबली. वर येऊन बसण्याइतकं काळीज तिच्यात नव्हतं. भाऊजींनी पबवाल्याकडून साध्या पाण्याचा मोठा जग मागवला. तो म्हणाला, “असलं गिऱ्हाईक मिळालं तर मी उपाशी मरेन!”

पहिल्या फेरीत तिसऱ्या खुर्चीला विचारलं गेलं, “युरोप आणि ऑस्ट्रेलिया सोडले, तर उरलेल्यांत सर्वांत लहान खंड कोणतं?” भाऊजींनी घोट भरला. गाल फुगले. प्रश्नवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. माझ्या मनात आशिया, आफ्रिका असं सुरू झालं, आणि मी टेबलाखाली स्वतःची मांडी चिमटीत धरून बसलो. भाऊजींच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

“अंटार्क्टिका.”

“बरोबर. दोन गुण.”

खोलीत जो गलका झाला तो भाऊजींनी हातानेच दाबला. पुढचा प्रश्न घ्या, असा त्यांचा चेहरा. पुढे त्यांना दोन आले, दोन गेले. जे गेले ते समोरच्यांनाही येत नव्हते, खरोखरच. माझी बारीक नजर होती. पण त्या गुणांमुळे व्हायचं ते झालं. आम्ही ‘स्टाफरूम’ला चिकटून राहिलो, आणि दया दाखवायला जी ऐसपैस जागा लागते ती त्यांच्याकडे उरली नाही. भूगोलाच्या बाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. शेवटच्या फेरीत चौथ्या खुर्च्यांचे प्रश्न कोरडे गेले. दोन्ही टीम बरोबरीत. नियमाप्रमाणे एक जादा प्रश्न, चिठ्ठी टाकून निघालेल्या खुर्चीला. चिठ्ठी आमची निघाली. तिसरी.

“आकाराने जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं बेट कोणतं?”

ही ओळ मी त्यांच्या स्वयंपाकघरात इतक्यांदा ऐकली होती की झोपेत म्हणेन. ग्रीनलँड, न्यू गिनी, बोर्निओ. भाऊजींनी घोट भरला. ग्रीनलँड, मी मनात म्हटलं. न्यू गिनी. आता गिळा, भाऊजी. आता! पण पाणी जरा जास्तच भरलं होतं की काय कोण जाणे, गिळायला पळभर उशीर झाला. आतली गाडी थांबली नाही.

“मादागास्कर,” ते स्पष्ट, खणखणीत म्हणाले.

एक स्टॉप पुढे उतरले होते.

“चूक. समोर—”

“बोर्निओ!” भूगोलाच्या बाई अर्ध्या उभ्या राहून ओरडल्या. प्रश्नवाल्याचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.

‘स्टाफरूम’ जिंकली. त्यांची माणसं एकमेकांच्या पाठी थोपटू लागली आणि मग एकाएकी गप्प झाली. बाईंनी तोंडावर हात ठेवला. “अगं बाई! मी... माफ करा हो, माझ्या लक्षातच...”

भाऊजी उठले. टेबलाला वळसा घालून त्यांच्याकडे गेले आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून असा हलवला की बाईंच्या बांगड्या वाजल्या. ते हसत होते. झटक्यापासून त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि मला मात्र काही केल्या हसता येईना. मी रुमाल शोधत राहिलो. कॅप्टनने जवळ येऊन माझ्या कानात विचारलं की पुढच्या हंगामाच्या नावनोंदणीत तिसऱ्या खुर्चीवर काय लिहायचं. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. “बरं, बरं,” ती म्हणाली.

जिन्याखाली ताई उभी होती. वरची आरडाओरड तिने ऐकली होती, पण ती कुणाची ते तिला कळलं नव्हतं. तिने आधी माझे डोळे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. मग भाऊजींकडे वळली, लहान मुलाला विचारावं तशा आवाजात.

“काय झालं हो?”

“हरलो,” भाऊजी म्हणाले. ओळ नाही, घोट नाही, काही नाही. छातीवर हात ठेवून त्यांनी तिला पुन्हा सांगितलं, अगदी ऐटीत, “माझ्यामुळे.”