समोर बसून घेतलेलं माप

बूटमास्तरांनी आयुष्यात कुणाला नोकरीवर ठेवलं नव्हतं, आणि ठेवायची हौसही नव्हती. ज्याचे दोन्ही पाय सारखे असतील त्याला ते सरळ कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाचा रस्ता दाखवत. त्यांच्याकडे यायची ती एक पाय आखूड असलेली, अपघातात टाच वाकडी झालेली, एखाददुसरं बोट गमावलेली माणसं. अशांच्या बुटाला तळातून बेताचा चढ देऊन चाल सरळ करायची, हा त्यांचा धंदा. खोली एका खिडकीची, चामडं आणि सोल्यूशनच्या वासाने भरलेली. मास्तर एका बुटक्या स्टुलावर, समोर खुर्चीत गिऱ्हाईक, मांडीवर वही. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध एक रेघ आणि दोन रकाने, एकेका पायाला एकेक. रकान्यांवर डावा-उजवा असं काही लिहिलेलं नसे. "त्यात काय लिहायचं? दिसतंय की!" असं मास्तर म्हणत.

बोलणं हे खातं बायकोचं. मास्तरांनी तोंड उघडलं की गिऱ्हाईक पळतं, असं तिचं मत होतं आणि ते खरंच होतं. फोन ती घ्यायची, निरोप ती वाचायची. जुन्या गिऱ्हाइकाने दुसरा जोड मागवला की ती वही उघडून खणखणीत आवाजात वाचायची, "अहो, लिहा. डाव्याला तीन सूत, उजव्याला काही नाही." मास्तर पावलांच्या लाकडी साच्यांवर खडूने आकडे लिहून घेत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि मास्तरांचं सगळं शास्त्र तेवढ्यात मावत होतं. बावीस वर्षं हे असं चाललं. मग ती गेली.

पुढच्या अकरा महिन्यांत तीन जोड परत आले. चढ चुकीच्या पायाला! पहिला जोड मास्तरांनी दु:खाच्या नावावर टाकला, दुसरा चष्म्याच्या. तिसरा होता दवाखान्यातल्या नर्सबाईंचा. नवे बूट घालून त्या जिन्यावरून घसरल्या आणि मनगट मुरगळून घेतलं. बाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडल्या नाहीत. बुटांची पिशवी टेबलावर ठेवून हळूच म्हणाल्या, "मास्तर, वय झालं आता तुमचं. किती करणार?"

हे वाक्य मास्तरांच्या जिव्हारी लागलं. हात फसवायला लागले तर कारागिराने कशाच्या जिवावर बसायचं? त्यांनी परगावी असलेल्या लेकीला फोन लावून सांगून टाकलं, "आणखी एक जोड परत आला की हत्यारं पेटीत. लोकांना पाडायला मी बसलेलो नाही."

लेक आईच्या वळणावर गेलेली. तिने रडारड केली नाही. म्हणाली, "बाबा, हत्यारं नंतर बघू. आधी फोनकडे बघा. किती निरोप वाचायचे राहिलेत?"

"दोनशे बारा."

"मग तुम्हाला व्हर्च्युअल असिस्टंट हवी."

"ते काय असतं?"

"मदतनीस. तिच्या घरून काम करते. निरोपांना उत्तरं देते, नोंदी ठेवते. असते, पण दिसत नाही."

"म्हणजे देवासारखी."

"देवाला पगार द्यावा लागत नाही, हिला द्यावा लागेल."

लेकीने जाहिरात दिली, आलेल्या अर्जांतून तीन माणसं निवडली आणि तिघांनाही एकच काम दिलं: वहीतल्या दहा पानांचे फोटो आणि त्या दहा गिऱ्हाइकांचे जुने निरोप. मापांची स्वच्छ यादी करा आणि नर्सबाईंना एक उत्तर लिहून दाखवा. जो चांगलं करील तो आपला. मास्तरांना ही सगळी थेरं वाटत होती, पण लेकीपुढे त्यांचं कधी काही चाललेलं नव्हतं.

पहिला उमेदवार भलताच चपळ. तासाभरात यादी हजर! नर्सबाईंना त्याने लिहिलं होतं, 'आदरणीय ग्राहक, आपल्या मौल्यवान पावलांबद्दल आम्ही ऋणी आहोत.' मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा आपल्याच पावलांकडे बघितलं. दुसऱ्या बाईंची यादी रंगीत होती, डावा पाय निळा, उजवा गुलाबी, आणि पत्रात चार दिवसांत नवीन जोड घरपोच द्यायचं वचन. चार दिवसांत मास्तरांचं चामडंसुद्धा पसंत करून होत नसे. "गुडघ्याला बाशिंग," ते पुटपुटले.

तिसरीकडून मात्र यादी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन आला. मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"मास्तर, माझं काम अर्धंच झालंय," ती म्हणाली. "एक विचारल्याशिवाय पुढे जाता येईना. तुम्ही माप घेताना गिऱ्हाइकाच्या शेजारी बसता का समोर?"

मास्तर वैतागले. इतक्या वर्षांत असला प्रश्न कुणी केला नव्हता. "समोर. पाय काय शेजारून दिसतात?"

"आणि तुमच्या डाव्या हाताला जो पाय दिसतो, तो डाव्या रकान्यात लिहिता?"

"मग कुठे लिहू?"

"रागावू नका. या दहांपैकी सात जणांनी निरोपात आपला आखूड पाय कुठला ते लिहिलंय. सातही वेळा वहीत तो दुसऱ्या रकान्यात आहे. एखादा माणूस गडबडीत चुकेल, पण सात जण आपापला पाय विसरतील असं काही मला वाटत नाही."

मास्तरांनी फोन कानाला धरूनच रिकामी खुर्ची समोर ओढली आणि स्टुलावर बसले. खुर्चीपुढे नर्सबाईंचे परत आलेले बूट मांडले, नर्सबाई बसल्या असत्या तसे, टोकं आपल्याकडे करून. मग डावा हात पुढे केला. हाताखाली आला उजवा बूट.

मास्तर बघत राहिले. नवीन गिऱ्हाईक असलं की ते पावलाच्या कागदी ठशावरून थेट शिवत, तिथे चूक व्हायचा प्रश्नच नव्हता. नेहमीच्या माणसांचे पाय त्यांना तोंडपाठ होते. घोडं अडत होतं ते फक्त कधीतरी येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाचं माप वहीतून काढताना. वही आरशासारखी उलटी होती, आणि ती त्यांनीच लिहिली होती.

"तुम्हाला हे सुचलं कसं?" त्यांनी विचारलं.

"मी सहा वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे नोंदी ठेवायचे. तिथल्या तक्त्यावर पेशंटची उजवी बाजू डावीकडेच असते, डॉक्टर समोरून बघतात ना. पहिल्याच आठवड्यात मी एकाची चांगली दाढ दुखऱ्यात लिहिली होती. डॉक्टरांनी वेळेवर बघितलं म्हणून वाचला बिचारा. तेव्हापासून डावं-उजवं आलं की मी दोनदा विचारते. दुधाने तोंड पोळलेलं आहे माझं."

"म्हणजे माझे हात..."

"हातांना काय झालंय? नर्सबाईंनी लिहिलंय की शिलाई पहिल्यासारखीच सुरेख आहे. तुम्ही वाचलं नाहीत?"

मास्तरांनी वाचलं नव्हतं. दोनशे बारामध्ये तेही पडून होतं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून निरखले. अकरा महिने या हातांकडे ते चोरून आणल्यासारखे बघत होते. आता त्यांना त्या हातांची माफी मागावीशी वाटली.

"पण मग बावीस वर्षं चुकलं कसं नाही?" ते स्वत:शीच बोलले.

"आधी वही कोण बघायचं?"

"बायको वाचून दाखवायची."

मग ती म्हणाली, "तुमच्याच पाठवलेल्या निरोपांत एक जुना आहे. एका गिऱ्हाइकाने वहीचा फोटो बघून विचारलं होतं की माझा पाय उलटा कसा लिहिलाय. त्याला तुमच्या पत्नीने उत्तर दिलंय. वाचू?"

"वाचा."

"'आमचे हे समोर बसून लिहितात, म्हणून त्यांची वही उलटी असते. त्यांच्या हे लक्षात नाही आणि मीही विषय काढत नाही, माप घेताना उगाच अडखळतील. वाचताना मी फिरवून घेते. तुम्ही काळजी करू नका, मी बघून घेते.'"

मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. फोनवरच्या बाईला ती दिसत नव्हती, आणि दिसत नसलेली मदतनीस ही किती सोयीची गोष्ट आहे ते त्यांना तेव्हा पटलं. बावीस वर्षं रोज खणखणीत आवाजात बायको त्यांचं डावं उजवं करत होती, आणि नाव मात्र मास्तरांचं होत होतं. ती गेल्यावर तिचा आवाज, तिचा चहा, तिची बडबड, सगळं त्यांना आठवलं होतं. हे काम आठवायला ते माहीत तरी हवं होतं! ज्या परक्या बाईने ते शोधून हातात दिलं, तिचे उपकार कुठल्या शब्दांत मानायचे ते त्यांना कळेना. बोलणं त्यांचं खातंच नव्हतं.

"तुम्ही," ते म्हणाले, "तुम्ही फार मोठं काम केलंत, बाई. यादी राहू द्या. आजपासून आलात असं समजा."

"अहो, पगाराचं तरी बोला!"

"ते लेकीशी बोला. ती सांगेल त्यापेक्षा थोडा जास्तच मागा."

ती हसली. "बरं. मग नर्सबाईंना काय लिहू?"

"लिहा, चूक आमचीच. नवीन जोड शिवतोय, त्याचे पैसे देऊ नका. मनगट कसं आहे तेही विचारा. बाकीच्या दोघांनाही असंच लिहा." मग वहीवर हात ठेवून, "आणि वही आहे तशी राहू द्या. मी या वयात काही बाजू बदलणार नाही. तुम्ही फिरवून वाचत जा."

फोन ठेवल्यावर मास्तर समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "अगं, एकदा सांगायचंस तरी." सांगितलं असतं तर आपण दिवसभर भांडलो असतो आणि शेवटी वही फेकली असती, हे त्यांनाही ठाऊक होतं. मग त्यांनी उठून नर्सबाईंचे साचे काढले, खडू घेतला आणि पहिला आकडा डाव्यावर लिहिला. नर्सबाईंच्या डाव्यावर.